ठच्या खणात

प्रदर्शनाच्या दाराशी बसलेली मुलगी तिकीट फाडून झाले की प्रत्येकाच्या तळहातावर एक लाकडी काडी ठेवीत होती. माईंच्या हातावर तिने ती ठेवली, तेव्हा माईंनी आधी काडीकडे, मग मुलीकडे आणि शेवटी मागे उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिले. या प्रकाराचा खुलासा त्या तिघींपैकी कोणी तरी करायलाच हवा होता.

खुलासा मुलीने केला. ही आपल्या लाडक्या गुप्तहेराची काडी, ती ओठांत धरून आत फोटो काढायचा आणि बाहेर पडताना डब्यात परत टाकायची, असे तिने एका दमात सांगून टाकले. म्हणजे काल ही दुसऱ्या कोणाच्या तोंडात होती काय, असे माईंनी विचारले. मुलगी गडबडली आणि म्हणाली की काड्या रोज धुतात.

"लाकूड धुतात," माई सुनेला म्हणाल्या. "आणि दारावर 'प्रर्दशन' लिहिलंय. रफार एक घर अलीकडेच उतरलाय. त्याला पुढे ढकलायला कोणाला वेळ झाला नाही."

सुनेने दोन्ही काड्या घेऊन पर्समध्ये टाकल्या. ती दातांची डॉक्टर होती. तोंडात काड्या धरणाऱ्यांवरच आपला दवाखाना चालतो, त्यामुळे आपण त्यांना नावे ठेवणार नाही, असे तिने पुटपुटून घेतले आणि माईंच्या कोपराला हात दिला. माईंनी तो बाजूला केला. त्यांच्या एका हातात काठी होती, आणि एक काठी पुरेशी असताना माणसाने दोन आधार घेऊ नयेत, असे त्यांचे मत होते.

माईंनी बेचाळीस वर्षे एका छापखान्यात मुद्रितशोधकाचे काम केले होते. ज्या कागदावर त्यांची नजर फिरली, त्यावर ऱ्हस्वाचा दीर्घ होऊन कोणी सुटून गेला नाही, अशी त्यांची ख्याती होती. नंतर हाताखाली आलेल्या सगळ्यांना त्यांनी एकच मंत्र दिला होता: प्रत बघा. छापलेला शब्द कितीही विचित्र वाटो, आधी लेखकाची मूळ प्रत बघा; आपली अक्कल चालवू नका. घरातही हाच कायदा होता. सुनेने दुधाचा हिशोब तोंडी सांगितला, मुलाने फोनवरची बातमी अर्धवट ऐकून सांगितली, की माई फक्त म्हणत, "प्रत बघितलीस का?"

आज त्या हौसेने आल्या नव्हत्या. आठ दिवसांपूर्वी सुनेने वर्तमानपत्रातून वाचून दाखवले होते की त्या प्रसिद्ध गुप्तहेराच्या पहिल्या पुस्तकाला पन्नास वर्षे झाल्याबद्दल संग्रहालयाने मोठे प्रदर्शन मांडले आहे, आणि त्यातला सर्वांत गर्दीचा कोपरा एका जुळाऱ्याचा आहे. छापखान्यात शिशाचे एकेक अक्षर, म्हणजे खिळा, उचलून शब्द बांधणारा तो जुळारी. त्याच्या हातून चूक झाली आणि त्या चुकीतून गुप्तहेर अजरामर झाला, असे बातमीत होते. जुळाऱ्याचा फोटोही लावला होता. तो फोटो अण्णांचा होता, आणि अण्णा म्हणजे माईंचे यजमान. त्यांना जाऊन चार वर्षे झाली होती.

चुकीची हकीकत शहराला तोंडपाठ होती. लेखक महाशयांनी पहिल्या पुस्तकात आपल्या म्हाताऱ्या गुप्तहेराबद्दल लिहिले होते: "त्याने काठी ओठांना टेकवली आणि डोळे मिटले." छापून आले ते, "त्याने काडी ओठांना टेकवली." लेखक महाशय छापखान्यात येऊन टेबलावर मुठी आपटून गेले. पण वाचकांना ती काडी इतकी आवडली की लोक त्या गुप्तहेराला काडीवालाच म्हणू लागले, आणि दुसऱ्या पुस्तकापासून लेखक महाशयांनी ती स्वतःहून त्याच्या तोंडात दिली. पुढे मानसन्मान स्वीकारताना ते हसत सांगत की माझा नायक एका जुळाऱ्याने जन्माला घातला.

जुळाऱ्याने मात्र त्याची किंमत मोजली होती. मालकांनी त्यांना पुस्तकांच्या कामावरून काढून वर्षभर पावतीपुस्तके आणि पत्त्याची कार्डे जुळवायला बसवले. सगळ्या छापखान्यात ज्याचा हात सर्वांत चलाख आणि सर्वांत बिनचूक, तो माणूस "रोख मिळाले" आणि "सही" हे दोन शब्द दिवसभर बांधीत बसे. माई तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या, तीन महिन्यांच्या बोलीवर कामाला लागलेल्या, आणि त्या छापखान्यातली पहिली बाई. त्या पावत्यांची प्रुफे त्यांच्याचकडे येत. पावतीत चूक काढायला जागा नसते, त्यामुळे बोलायला दुसरे विषय शोधावे लागले; दीड वर्षाने दोघांचे लग्न झाले.

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात माईंनी ती चूक एक दिवसही वाया जाऊ दिली नाही. काडीपेटी मागायची झाली की त्या म्हणत, "डची आणा, ठची नको." अण्णांनी एखाद्या गोष्टीत मत दिले की, "काठी आणि काडी तरी ओळखता का?" पाहुण्यांसमोर, मुलांसमोर, खुद्द सुनेच्या माहेरच्या माणसांसमोर. अण्णा हसत आणि छापखान्यातल्याच आदराने म्हणत, "बरोबर आहे, तपासनीसबाई." आणि काडीपेटी आणून देत.

पण घरातली चूक ही घरच्यांची मालमत्ता. ती तिकीट काढून आलेल्या परक्या माणसांनी का वापरावी? मेलेल्या माणसाची एकुलती एक चूक भिंतीवर टांगतात, आणि टांगणाऱ्यांना स्वतःला रफार देता येत नाही! तो फोटो आणि ते कार्ड तिथून उतरवून घ्यायचे, त्याशिवाय परतायचे नाही, असे ठरवून माई आल्या होत्या. सुनेने दवाखाना बंद ठेवला होता. माईंना एकटीने भांडायला पाठवणे तिला संग्रहालयाच्या दृष्टीने धोक्याचे वाटले होते.

पहिल्या दालनात काडीवाल्याची खोली उभी केली होती. टेबल, दिवा, पुस्तके, खुंटीवर कोट. पुस्तके पुठ्ठ्याची होती आणि त्यांच्या पाठीवर काहीच लिहिलेले नव्हते. हा माणूस कोरी पुस्तके वाचून खुनी पकडत होता काय, असे माईंनी शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी गृहस्थांना विचारले. ते गृहस्थ तोंडातल्या काडीमुळे उत्तर देऊ शकले नाहीत. पुढच्या दालनात साखळीला बांधलेली भिंगे होती. माईंनी एक डोळ्याला लावून पाहिले; ती प्लास्टिकची होती आणि त्यातून अक्षर होते तेवढेच दिसत होते. दर चार पावलांवर एक चूक आढळत होती. सून मागून मोजत होती. अकरापर्यंत गेल्यावर तिने सांगितले की भिंतीला लाल शाई लावल्यास दंड होतो.

"मी लाल वापरत नाही," माई म्हणाल्या. "लाल मालकांची. माझी हिरवी."

हे सुनेला ठाऊक होते. घरातल्या सगळ्या डब्यांवर, फायलींवर आणि तिच्या स्वतःच्या औषधांच्या बाटल्यांवरही माईंचे हिरवे अक्षर होते.

तिसऱ्या दालनाच्या टोकाला तो कोपरा होता. भिंतीवर अण्णांचा फोटो, तरुणपणचा, बाह्या दुमडलेल्या आणि समोर खिळ्यांची उतरती लाकडी पेटी. माई क्षणभर फोटोकडेच पाहत राहिल्या, कारण त्यांच्या संग्रही तो नव्हता. फोटोखाली खरोखरची पेटी ठेवली होती, तिचे लहान लहान खण रिकामे. शेजारी काचेच्या कपाटात घड्या पडून पिवळा झालेला एक कागद, आणि त्याखाली कार्ड. कार्डावर असे लिहिले होते:

"चुकलेला खिळा. या जुळाऱ्याने ठऐवजी ड लावला आणि आपल्या गुप्तहेराला काडी मिळाली. चूक उघडकीस येऊ नये म्हणून त्याने हे प्रूफ स्वतःच्या पेटीत दडवून ठेवले."

माईंनी ते दोनदा वाचले. चूक केली इथवर ठीक होते. ते त्या स्वतः रोज म्हणत आल्या होत्या. पण दडवून ठेवले? अण्णांनी? ज्या माणसाला घरात चष्मा लपवून थट्टाही करता येत नसे, कारण लगेच हसू फुटे?

"जो कोणी इथला मुख्य असेल त्याला बोलाव," त्या सुनेला म्हणाल्या, "आणि मला शांत राहायला सांगू नकोस."

सुनेने तसे काही सांगितले नाही. ती जाऊन क्युरेटरला घेऊन आली. गळ्यात ओळखपत्र, दाढी नीट कातरलेली, तिशीतला माणूस. त्याने आजी म्हणून सुरुवात केली. आपण त्याच्या आजी नाही, बाई म्हटलेले चालेल, असे माईंनी त्याला समजावले, आणि मग आपण फोटोतल्या माणसाच्या कोण ते सांगितले. क्युरेटरचा चेहरा उजळला. तो लगेच दोन वाक्ये रेकॉर्ड करून द्याल का असे विचारू लागला. माईंनी काठी फरशीवर एकदाच टेकवली, तो थांबला.

त्यांनी त्याला विचारले की हे दडवल्याचे प्रकरण त्याने कोणाच्या तोंडून ऐकले. त्याने नम्रपणे सांगितले की ऐकीव काही नाही, पुरावा आहे. छापखाना बंद पडल्यावर मालकांच्या नातवाने जुन्या पेट्या संग्रहालयाला दिल्या. अण्णांची पेटी साफ करताना ठच्या खणात, खिळ्यांच्या खाली तळाशी, आठ घड्या घातलेला हा कागद सापडला. पहिल्या पुस्तकाचे प्रूफ, तेच पान, तीच ओळ. समासात ड लिहिलेला. ठ काढून ड लावायचा, अशी जुळाऱ्याने स्वतःसाठी केलेली ती खूण, म्हणजे त्याच्याच हातचा पुरावा. गुप्तहेराच्या प्रदर्शनात यापेक्षा चांगला काय मिळणार, असे म्हणून तो हसला.

माईंना आता राग आला नाही. अडाणी माणसावर रागावण्यात त्या शक्ती घालवीत नसत. त्यांनी त्याला वर्गातल्या मुलासारखे समोर उभे केले आणि सांगितले, "जुळारी प्रुफावर लिहीत नाही. त्याचे हात शाईने काळे असतात. कागद हातात घेतला तरी त्यावर बोटं उमटतात. समास तपासणाऱ्याचा. समासात जे लिहिलेलं असतं ते तपासणाऱ्याच्याच हातचं. त्या छापखान्यात आम्ही तिघं तपासणारे होतो. उघडा ते. मी अक्षर बघून नाव सांगते."

क्युरेटरने खिशातून किल्ली काढून काच उघडली, मात्र कागदाला हात न लावण्याची विनंती केली. आपण बेचाळीस वर्षे कागदाला हात कसा लावायचा तेच शिकलो, असे माई म्हणाल्या आणि त्यांनी पर्समधून आपले भिंग काढले. पितळी कडीचे, नोकरीतून निवृत्त होताना मिळालेले. त्या सबंध प्रदर्शनात अक्षर मोठे करून दाखवणारे तेवढे एकच भिंग होते. काठी सुनेच्या हाती देऊन माई वाकल्या.

छापलेली ओळ स्पष्ट होती. "त्याने काठी ओठांना टेकवली आणि डोळे मिटले." काठी. ठ आपल्या जागी, सरळ उभा, बिनचूक. त्या ठवर एक आडवी रेघ मारलेली, आणि समासात ड. डची शेपटी खाली जाऊन डावीकडे वळलेली, आणि टोकाला गळासारखा एक छोटासा आकडा. शाई फिकट झाली होती, पण हिरवी होती.

घडीच्या बाहेरच्या बाजूला एक काळा अंगठा उमटला होता. तोही त्यांना ओळखीचा होता. त्या अंगठ्याने त्यांच्या घरातली भांडी, दारे आणि टॉवेल चव्वेचाळीस वर्षे खराब केले होते.

"कोणाचं अक्षर आहे, बाई?" क्युरेटरने विचारले.

माई वाकलेल्याच राहिल्या. मग त्या म्हणाल्या की आपल्याला बसायचे आहे.

कोपऱ्यात एक बाक होते. सुनेने त्यांना तिथे बसवले, काठी हाती दिली, पाण्याची बाटली उघडून दिली, आणि जरा वेळाने सहज चालत गेल्यासारखी काचेपाशी गेली. ती वाकली, पाहिले, सरळ झाली. ती परत येऊन शेजारी बसली आणि तिने काहीच विचारले नाही.

क्युरेटर मात्र घाबरला होता. म्हाताऱ्या बाई आपल्या कार्डामुळे आजारी पडतात की काय, या चिंतेने त्याने माघार घेतली. कुटुंबाच्या भावना दुखवायचा संग्रहालयाचा हेतू नव्हता, तो म्हणाला. हवे तर आपण तो कोपराच बंद करू. फोटो उतरवू, कार्ड काढू, कागद आत ठेवू. उद्या सकाळी इथे काही दिसणार नाही.

ज्यासाठी माई आल्या होत्या, ते सगळे त्यांना न भांडता मिळत होते. नुसती मान हलवायची होती. कागद आत कपाटात जाईल, समासातली खूण वाचता येणारे कोणी उरलेले नाही, आणि बेचाळीस वर्षांच्या नोकरीला एक ओरखडाही पडणार नाही. त्यांनी काठीची मूठ ओठांना टेकवली आणि डोळे मिटले.

त्या दिवसाचे त्यांना फारसे आठवेना. प्रत वाचून दाखवणारा माणूस तापाने घरी गेला होता, एवढे आठवले. म्हणजे प्रूफ त्यांनी एकटीने पाहिले असणार. मालक तासातासाला डोकावत होते. आणि बावीस वर्षांच्या मुलीला वाटले असणार की काठी कोणी ओठांना लावते का? हे चूक आहे, काडीच असणार. मूळ प्रत टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, हाताच्या अंतरावर पडलेली असणार.

मग मालकांचा आरडाओरडा आठवला. कोणी केले, असे ते दारात उभे राहून विचारत होते. अण्णा आपल्या पेटीजवळून उठले होते. ते काय म्हणाले, ते माईंनी त्यानंतर हजारदा घरात सांगून हशा पिकवला होता. पण शब्द न् शब्द त्यांनी आज प्रथमच आठवला. "माझ्या हातून झालं असेल," असे अण्णा म्हणाले होते. झालं, असे नव्हे. झालं असेल. आणि पुढची चव्वेचाळीस वर्षे, दर टोमण्याला, फक्त बरोबर आहे. माझं चुकलं, असे त्या माणसाने एकदाही म्हटले नव्हते, आणि अक्षराअक्षरावर नजर ठेवणाऱ्या बाईच्या ते लक्षात आले नव्हते.

तीन महिन्यांच्या बोलीतला तो दुसरा महिना होता. प्रूफ मालकांच्या हाती लागते तर त्यांनी संध्याकाळच्या आत तिला घरी पाठवली असती, आणि बायका ठेवल्या की असेच होते, हे पुढे दहा वर्षे सांगितले असते. अण्णांशी तिचे तोवर नीट बोलणेही झालेले नव्हते.

"माई," सून हळूच म्हणाली, "काठी ओठांना लागलीय तुमची."

माईंनी डोळे उघडले आणि काठीची मूठ पाहिली. ती ओलसर झाली होती. विचारात पडल्या की त्या असेच बसत. काठी आली तेव्हापासूनची सवय. म्हाताऱ्या माणसाने लिहिलेल्या म्हाताऱ्या गुप्तहेराने काय केले होते, ते त्यांना आता, त्र्याहत्तराव्या वर्षी, पन्नास वर्षांच्या उशिराने समजले. वाक्य अगदी बरोबर होते.

आणि मग त्यांना संताप आला. क्युरेटरवर नाही, लेखकावरही नाही. भिंतीवरच्या त्या बाह्या दुमडलेल्या, हसऱ्या माणसावर. सांगायला काय झाले होते? नोकरी कायम झाल्यावर सांगायचे. लग्न झाल्यावर सांगायचे. मुलांसमोर इतके बोलून घेतले, एकदा तरी वर तोंड करून म्हणायचे. काडीपेट्या आणीत बसला आयुष्यभर! आता उत्तर द्यायला समोर नाही, भांडायलाही नाही.

त्या सुनेकडे वळल्या. "तू पाहिलंस ना अक्षर?"

सुनेने मान खाली घातली. म्हणाली, "डोळे एवढे चांगले नाहीत हो माझे."

"दातातली केसाएवढी कीड दिसते तुला. डब्यांवर माझा ड रोज बघतेस." माईंचा आवाज चढला. "तूही आता गप्प बसणार? सांभाळून घेणार मला? एकाने चव्वेचाळीस वर्षं सांभाळलं, आता पुढची पाळी तुझी का? या घरात खरं बोलणारं माणूस आहे की नाही कोणी?"

"आहे," सून म्हणाली. "म्हणून तर मी गप्प बसले. म्हटलं, ते माणूस बोलेल."

माईंनी पाण्याची बाटली तिच्या हातात परत दिली. मग काठीवर भार देऊन उठल्या, आणि या वेळी सुनेने कोपराला दिलेला हात त्यांनी तसाच राहू दिला.

क्युरेटर फोटोची खिळ्यावरची दोरी चाचपत होता. माईंनी त्याला फोटोला हात न लावण्याची आज्ञा केली. फोटो इथेच राहील. कार्ड मात्र आत्ता बदलायचे आहे. कागद आणि पेन्सिल काढा. त्याने विचारले, काय लिहायचे. त्यांनी सांगितले की मी सांगते ते लिहायचे, आणि स्वतःचे काही घालायचे नाही.

त्या उभ्या राहूनच सांगत गेल्या, आणि तो पेटीच्या कडेवर कागद ठेवून लिहीत गेला.

"या जुळाऱ्याने काठी हा शब्द बिनचूक जुळवला होता. तपासणारीने मूळ प्रत न बघता ठ खोडून ड केला. समासातली हिरवी खूण तिची आहे. तिची नोकरी राहावी म्हणून त्याने चूक स्वतःवर घेतली आणि हे प्रूफ पेटीत ठेवले. त्याच्या हातून कधीही एक खिळा चुकला नाही."

क्युरेटरची पेन्सिल थांबली. शहरात सगळ्यांना दुसरीच गोष्ट माहीत आहे, तो म्हणाला. लेखकांनी स्वतः सांगितलेली. यासाठी काही आधार लागेल. ही तपासणारी कोण, आणि हे सगळे सांगणार कोण?

"मी," माई म्हणाल्या. "अक्षर माझं आहे. खात्री करायची तर आमच्या घरी येऊन डबे बघा."

 त्याने एकदा काचेतल्या कागदाकडे पाहिले, एकदा फोटोकडे, आणि मग ओळखपत्र शर्टाच्या आत सारून तो मान खाली घालून उरलेले लिहू लागला. तपासणारीचे नाव घालायचे का, असे त्याने विचारले. त्याचे नाव पन्नास वर्षे लोकांच्या तोंडी राहिले तर माझे एका कार्डावर राहायला हरकत नाही, असे माई म्हणाल्या, आणि त्यांनी नाव अक्षरे सुटी करून सांगितले, म्हणजे निदान तेवढे तरी चुकणार नाही.

लिहून झाल्यावर त्यांनी कागद मागून घेतला. सुनेने न सांगता पर्समधून हिरवे पेन काढून दिले. दोन चुका होत्या. 'मूळ' ऱ्हस्व झाला होता, आणि 'चुकला'तला 'चु' दीर्घ. माईंनी दोन्ही खुणा समासात केल्या आणि कागद परत देण्याआधी थांबल्या.

"मी सांगितलं तेच आहे ना हे?" त्यांनी सुनेला विचारले. "मघाशी शब्द न् शब्द काय बोलले मी? तू प्रत आहेस."

सुनेने एकेक वाक्य म्हणून दाखवले. माई कागदावर बोट ठेवून शेवटपर्यंत पाहत गेल्या. मग त्यांनी तळाशी सही केली आणि सहीच्या वर, अंतिम प्रुफावर लिहीत तसे, ठळक अक्षरांत लिहिले: छापावे.

बाहेर पडताना दाराशी तीच मुलगी डबा पुढे करून बसली होती. सुनेने आपली काडी टाकली. माईंच्या वाटणीची काडी तिने पर्समधून काढून त्यांच्यापुढे धरली. माईंनी ती घेतली, डब्याकडे पाहिले, दारावरच्या रफाराकडे पाहिले, आणि काडी आपल्या पर्समध्ये टाकून पर्सचा खटका बंद केला. परत द्यायची असते, मुलगी म्हणाली.

"पन्नास वर्षांनी आणून देईन," माई म्हणाल्या.

पायऱ्या त्या काठी टेकत एकेक करून उतरल्या. गाडीपाशी पोहोचल्यावर सुनेने विचारले, अण्णांनी लग्नानंतर तरी का सांगितले नसेल. माई दार उघडण्याची वाट बघत काठी टेकून उभ्या होत्या.

"सांगितलं असतं," त्या म्हणाल्या, "तर मी म्हटलं असतं, प्रत दाखवा." आणि आत बसता बसता, कोणाला उद्देशून ते न सांगता, त्या पुटपुटल्या, "ती काय, ठच्या खणात ठेवली होती."